वही आधी, तबकडी नंतर: मुंबईत जुन्या शास्त्रीय आणि जॅझ रेकॉर्ड्स जमवणाऱ्यांसाठी

हिराबाई बडोदेकरांची एक ७८ची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची जुनी रेकॉर्ड, मी तीनदा विकत घेतली. पहिली गिरगावात रिकाम्या होणाऱ्या एका चाळीतून, दुसरी चोरबाजारातून आणि तिसरी पार्ल्याच्या एका रद्दीवाल्याकडून. पहिल्या लेबलवर ‘मिस हिराबाई’ होतं, दुसऱ्यावर ‘हिराबाई बरोडेकर’, तिसरीचं अर्धं लेबल उडालेलं. तिन्ही वेळा घरी येताना आपल्याला घबाड मिळालं असं वाटत होतं. पुढे एका रविवारी आई शेजारी बसली होती. तिसरी तबकडी लावली तशी ती म्हणाली, “अरे, हीच तर मागच्या महिन्यात वाजवली होतीस.” मग तिन्ही तबकड्या खिडकीपाशी नेऊन बघितल्या. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत तिन्हींवर एकच आकडा कोरलेला होता.

त्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानांची वही आणली. तेव्हापासून नवीन जमवणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. पहिली रेकॉर्ड घ्यायच्या आधी वही आखा. शंभर रेकॉर्ड जमल्यावर वही करायला बसलात तर ती कधीच पुरी होत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांची अजून व्हायची आहे.

आधी कुंपण घाला

‘शास्त्रीय आणि जॅझ’ म्हटलं की घर भरतं. बारा इंची एलपी (मिनिटाला ३३ फेरे घेणारी व्हिनाइलची तबकडी) कव्हरासकट साधारण पाव किलोची, म्हणजे शंभर एलपींचं वजन पंचवीस ते तीस किलो. लाखेच्या तबकड्या तर आकाराने लहान असूनही जड. वन-बीएचकेत राहणाऱ्याने हा हिशोब आधीच करावा, कारण प्लायवूडची फळी वाकली की तिच्यावरच्या तबकड्याही वाकतात.

म्हणून कुंपण घाला. कुंपण कसलंही चालेल: जयपूर घराण्याच्या गायिका, १९५० पूर्वीचं नाट्यसंगीत, फक्त सरोद, फक्त ट्रम्पेट, मुंबईत वाजलेलं आणि मुद्रित झालेलं जॅझ. मुंबईकराने हे शेवटचं जरूर विचारात घ्यावं. १९३५ साली अमेरिकन जॅझवादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले, आणि क्रिकेट स्मिथच्या बँडचं १९३६ साली मुंबईतच ध्वनिमुद्रण झालं. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर गोव्याचे वादक उभे राहिले. त्यांतला चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात, अशी या मंडळींची दोन आयुष्यं होती. त्यांच्या ७८च्या तबकड्या अधूनमधून निघतात. विकणाऱ्याला बहुधा त्यातलं काही ठाऊक नसतं, तो सगळ्याला ‘इंग्लिश’ म्हणतो.

कुंपणाबाहेरची चांगली तबकडी समोर आली तर काय करायचं? घ्या, फक्त वहीत तिच्यासमोर ‘बाहेरची’ असं लिहा. वर्षअखेर मोजा. बाहेरच्या जास्त झाल्या असतील तर कुंपण चुकलंय.

मिळतात कुठे

काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड्सचं दुकान २०१६ साली बंद झालं. नव्याने छापलेल्या एलपी ऑनलाइन मिळतात, पण जुना माल अजूनही पायी हिंडूनच शोधावा लागतो.

चोरबाजारातली मटण स्ट्रीट सगळ्यांना माहीत आहे. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, पण आजूबाजूच्या गल्ल्यांत पहाटेपासून जमिनीवर बाजार भरतो. दुकानदाराला मालाची किंमत माहीत असते, जमिनीवरच्या विक्रेत्याला ती तुमच्या चेहऱ्यावरून कळते. तेव्हा चेहरा सांभाळा. हवी ती तबकडी गठ्ठ्यात तिसरी-चौथी ठेवून सगळ्या गठ्ठ्याचा भाव विचारावा. भेंडीबाजारचा पुनर्विकास चालू असल्याने दुकानं हलतात. मागच्या वेळचं दुकान दिसलं नाही तर शेजारच्याला विचारा. फोर्टात दादाभाई नौरोजी रोडच्या फुटपाथवरही रेकॉर्ड्स मिळत आल्या आहेत. तिथे घाई करणाऱ्याला काही सापडत नाही.

खरी खाण मात्र पुनर्विकासाची आहे. दादर, गिरगाव, माटुंगा, पार्ल्याच्या जुन्या इमारती पाडायच्या वेळी माळे रिकामे होतात. आजोबांच्या तबकड्यांना नव्या फ्लॅटमध्ये जागा नसते. त्या आधी सोसायटीच्या जिन्याखाली येतात, मग रद्दीवाल्याकडे जातात. आपल्या भागातल्या दोन-तीन रद्दीवाल्यांना नंबर देऊन ठेवा आणि ते बोलावतील तेव्हा लगेच जा. एकदा ‘उद्या येतो’ म्हटलंत की पुढचा फोन दुसऱ्याला जातो. ताडदेव, दादर पारशी कॉलनी किंवा वांद्र्याच्या जुन्या घरांत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे संच निघतात. याच शहरात व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, त्यामुळे त्या घरांतले संच नुसते शोभेचे नसत, ऐकून झिजलेले असत.

एखादं कुटुंब सगळा संग्रह एकदम देत असेल तर दोन गोष्टी करा. एक, रेकॉर्ड्सबरोबरची पाकिटं, पावत्या, सुयांच्या डब्या, जुने कॅटलॉग तेही मागून घ्या. दोन, तबकड्या कुणाच्या होत्या, कुठून घेतल्या, हे तिथेच बसून विचारा आणि लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्या घरात सांगणारं कुणी नसेल.

संग्राहकांची संगत हवी असेल तर १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची चौकशी करा. जुन्या हिंदुस्थानी तबकड्यांवर इथे झालेलं सूचीचं बरंचसं काम या मंडळींचं आहे.

किमती मी मुद्दाम लिहीत नाही. या बाजारात त्या सकाळी एक आणि संध्याकाळी दुसऱ्या असतात.

हातात घेऊन काय बघायचं

माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तशीच लाखेची ७८ची तबकडी बघावी. मधल्या भोकात एक बोट घालून ती मोकळी धरा आणि कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ ‘टण्’ आला तर अखंड आहे. ‘भद्’ असा आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो.

मग उजेड. दुकानातल्या दिव्यावर भागवू नका, दाराशी या आणि तबकडी तिरपी धरा. वरवरच्या केसासारख्या ओरखड्यांनी फार बिघडत नाही. नखाला लागणारा चरा मात्र दर फेऱ्याला ‘टक्’ करणार. काळ्या चकाकीऐवजी राखाडी झाक दिसली, विशेषतः तबकडीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, तर ती पोलादी सुईने खाल्लेली आहे. चावीच्या ग्रामोफोनला दर बाजूला नवी सुई घालायची असते. घरोघरी एकच सुई आठवडाभर चालवली जाई, त्याचा हा पुरावा. धुऊन ती झाक जात नाही.

एलपी डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून कड बघा, लाटेसारखी उठली असेल तर ठेवून द्या. भोकाभोवती लेबलवर पांढुरक्या रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा वाजलेली आहे. वाजलेली म्हणजे वाईट असं नाही, पण विकणारा ‘एकदम नवी आहे शेठ’ म्हणत असेल तर त्या रेघांवर बोट ठेवा.

आणि कव्हरातून तबकडी बाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. अमीर खाँसाहेबांच्या कव्हरातून मी मुलांच्या गोष्टींची रेकॉर्ड घरी आणली आहे.

वय ओळखण्याच्या खुणा

वर्ष छापलेलं असेल ही अपेक्षा सोडा. जुन्या भारतीय तबकड्यांवर ते क्वचित सापडतं. खुणांवरून अंदाज करावा लागतो.

गौहर जानचं १९०२ साली कलकत्त्याला ध्वनिमुद्रण झालं, तिथून भारतातल्या तबकड्यांची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या आणि तसं लेबलवर लिहिलेलं असायचं. एकाच बाजूला गाणं आणि हॅनोव्हरचं नाव असेल तर ती फार जुनी समजा. १९०८ साली कलकत्त्यात सियालदाहला कारखाना सुरू झाला, पुढे १९२८मध्ये तो डमडमला गेला. जुन्या तबकडीच्या शेवटी कलाकार स्वतःचं नाव उच्चारतो, तीही एक खूण. कलाकार भोंग्यात तोंड घालून गात असे तो काळ १९२५च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंतचा. मायक्रोफोननंतरच्या तबकडीत तबल्याचा डग्गा ऐकू येऊ लागतो, त्याआधी त्याचा फक्त संशय येतो.

पण ७८ म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीची, असं समजू नका. अमेरिकेत एलपी १९४८ साली आली, तरी आपल्याकडे ७८ पुढे कितीतरी वर्षं चालली. साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८वर निघाली, आणि जगभरचे संग्राहक आज ती शोधत असतात.

हिंदुस्थानी एलपीच्या क्रमांकातली अक्षरं उपयोगी पडतात. एचएमव्हीच्या ईएएलपी आणि ईसीएलपी या मोनो मालिका, ईएएसडी आणि ईसीएसडी या स्टिरिओ. अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारी ईएएलपी १२५३. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ईसीएसडी २३८२. लोकप्रिय एलपी त्याच क्रमांकाने पुन्हापुन्हा छापल्या गेल्या, म्हणून क्रमांक जुळला तरी पहिली आवृत्ती असेलच असं नाही. लेबलचा रंग, कंपनीचं पूर्ण नाव, कव्हराचा कागद हे सगळं टिपून ठेवा.

जॅझमध्ये या खुणांवर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत, त्यातलं थोडंसं इथे. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चा १९५९चा मोनो क्रमांक सीएल १३५५ आणि स्टिरिओ सीएस ८१६३. कोलंबियाच्या त्या काळच्या लेबलवर डोळ्यासारखी सहा चिन्हं असतात, ती १९६२च्या आसपास बदलली. त्या एलपीची पहिली बाजू मूळ टेपमशीनच्या गतीतल्या फरकामुळे किंचित चढ्या सुरात निघाली होती आणि हे १९९२ साली दुरुस्त झालं. त्यामुळे तुमची जुनी प्रत पियानोशी जुळत नसेल तर टर्नटेबलला दोष देऊ नका. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या तबकड्यांवर गुळगुळीत पट्टीत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं ‘आरव्हीजी’ आणि छापणाऱ्या कारखान्याची कानासारखी खूण शोधा. १९६६ साली कंपनी विकली गेल्यावर कानाची खूण गेली. लेबलवरचा न्यूयॉर्कचा पत्ताही कालमान सांगतो.

पाश्चात्त्य शास्त्रीयमध्ये डॉइच ग्रामोफोनच्या लेबलवर कडेने ट्युलिपची माळ असेल तर प्रत साधारण १९७०च्या आधीची. डेक्काच्या एसएक्सएल मालिकेत लेबलवरचा रुंद चंदेरी पट्टा जुना.

मुंबईत मात्र तुम्हाला बहुतेक वेळा डमडमचं भारतीय प्रेसिंगच, म्हणजे इथे छापलेली प्रतच, भेटेल. ‘मेड इन इंडिया’ दिसलं की नाक मुरडणारे संग्राहक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. जॅझ यात्रा ही संगीत-महोत्सवांची मालिका १९७८ साली या शहरात सुरू झाली, तिच्या श्रोत्यांनी कान घडवले ते बरेचसे याच प्रतींवर. या शहराचा संग्रह करायचा तर या शहरात जे ऐकलं गेलं तेच हवं.

नोंदवही: इथे वेळ घाला

सगळ्या नोंदवहीचं मर्म एवढंच: लेबलवर जे छापलंय ते एका रकान्यात, आणि तुम्हाला जे माहीत आहे किंवा वाटतं ते दुसऱ्या रकान्यात. हे दोन कधीही मिसळू नका.

लेबलवर ‘बरोडेकर’ असेल तर पहिल्या रकान्यात ‘बरोडेकर’च लिहा, चूक दिसत असली तरी. दुसऱ्या रकान्यात ‘हिराबाई बडोदेकर’. लेबलवर ‘नारायणराव राजहंस’ असेल तर तसंच उतरवा आणि दुसरीकडे ‘बालगंधर्व’. ‘मास्टर दीनानाथ’ आणि ‘दीनानाथ मंगेशकर’ एकच, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमची वही उद्या ज्याच्या हाती पडेल त्याला कदाचित नसेल. रागांचंही तेच. लेबलवर ‘मालकंस’, ‘मालकोश’, ‘मालकौंस’ काहीही असू शकतं. कधी नुसतं ‘खयाल’ किंवा ‘ठुमरी’ लिहिलेलं असतं आणि राग तुम्हाला ऐकून ओळखावा लागतो. ओळखलात तर दुसऱ्या रकान्यात लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. मी एकदा ‘जौनपुरी’ म्हणून ठामपणे लिहिलेलं सहा वर्षांनी गुरुजींनी खोडायला लावलं. पहिला रकाना शाबूत होता म्हणून नोंद वाचली.

तबकडी घरात आली की तिला अनुक्रमांक द्या: १, २, ३. राग, घराणं, कलाकार यावरून क्रमांक बांधू नका, नाहीतर प्रत्येक नव्या तबकडीला जागा करत बसाल. क्रमांक आतल्या पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा. लेबलवर आणि कव्हरावर काहीही लिहू नका, चिकटवू नका. सेलोटेप तर नकोच, ती वाळून पडली तरी तपकिरी डाग कायम राहतो.

माझ्या वहीतली एक नोंद साधारण अशी दिसते:

अनुक्रमांक २१४. आकार बारा इंची, गती ३३, मोनो.
कंपनी आणि क्रमांक: एचएमव्ही, ईएएलपी १२५३.
लेबलवरचा मजकूर: स्पेलिंगसकट जसाच्या तसा, बाजू १ आणि बाजू २ वेगवेगळ्या.
पट्टीतला कोरीव आकडा: बाजू १, बाजू २.
माझी माहिती: उस्ताद अमीर खाँ, इंदूर घराणं. मारवा, दरबारी.
अवस्था: तबकडी आणि कव्हर वेगवेगळी.
कुठून, कधी, कितीला, आधी कुणाकडे.
शेवटचं धुणं, शेवटचं ऐकणं.

पट्टीतला कोरीव आकडा म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक. तो ध्वनिमुद्रणाचा जन्मदाखला. लेबल बदलतं, कंपनी बदलते, कव्हरावर नवा फोटो येतो, पण मूळ मुद्रण तेच असेल तर मूळ आकडाही बहुधा तोच राहतो. हिराबाईंच्या तीन तबकड्यांचं भांडं त्यानेच फोडलं. उलटही होतं: क्रमांक आणि गाणं तेच, पण मॅट्रिक्सच्या शेवटी वेगळी खूण, म्हणजे तेच गाणं दुसऱ्यांदा गायलेलं असू शकतं. तेव्हा दोन्ही प्रती ठेवा आणि लागोपाठ ऐका. आकडा वाचायला मोबाइलचा टॉर्च बाजूने लावा आणि फोटो काढून मोठा करा.

७८च्या तबकडीच्या दोन बाजूंवर दोन वेगळे कलाकार असू शकतात, म्हणून नोंद बाजूवार करायची. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेच्या ७८ एचएमव्हीवर आहेत आणि ‘ब्रॉडकास्ट’ या लेबलवरही. ‘केसरबाई’ म्हणून शोधल्यावर दोन्ही समोर आल्या पाहिजेत. मुंबईचंच यंग इंडिया, शिवाय ओडियन, कोलंबिया, ट्विन या लेबलांच्या तबकड्या लागतील, त्यांचीही यादी वेगळी काढता आली पाहिजे. यासाठी वहीसोबत कॉम्प्युटरवर साधं स्प्रेडशीट ठेवा. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर जॅझ आणि पाश्चात्त्य एलपींची माहिती भरपूर आहे, तिथे स्वतःची यादी करता येते. जुन्या मराठी ७८ तिथे कमी सापडतात, त्या तुम्हीच घाला.

पाश्चात्त्य शास्त्रीयच्या ७८च्या संचात एक खोच असते. एक सिंफनी चार-पाच तबकड्यांवर, पुठ्ठ्याच्या पुस्तकासारख्या बांधणीत मिळे, ‘अल्बम’ हा शब्द तिथूनच आला. तबकड्या आपोआप पडणाऱ्या चेंजरसाठी काही संचांत पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी नसून शेवटची असते. क्रम चुकलाय समजून कुणीतरी त्या ‘नीट लावून’ ठेवलेल्या असतात. नोंद करताना आधी बाजूंचे आकडे बघा.

अवस्थेसाठी जगभर मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड अशी उतरंड चालते. मजा म्हणजे ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, बरीच वाईट. विकणाऱ्याची प्रत आणि तुमची प्रत यांत एक पायरीचं अंतर धरून चला. आणि प्रतवारी ऐकून करा, नुसती बघून नको. काही कळकट दिसणाऱ्या तबकड्या सुरेख वाजतात.

गती आणि सुई

एलपीची सुई ७८ला लावू नका आणि उलटही करू नका. ७८ची चर रुंद, तिला साधारण ७० मायक्रॉन टोकाची सुई लागते, स्टिरिओ एलपीला साधारण १८. एलपीची सुई ७८च्या चरीत तळाला घासत जाते, संगीतापेक्षा धूळच जास्त ऐकू येते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर ती एका वाजवण्यात संपली.

परदेशातून कुणी टर्नटेबल आणून दिलं तर मागची पट्टी वाचा. अमेरिकी वीज ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ. काही जुन्या मोटरी विजेच्या हर्ट्झवर फिरतात. आपल्या ५० हर्ट्झवर ३३ची तबकडी मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेते आणि भीमसेनजी नुकतेच झोपेतून उठल्यासारखे वाटतात. व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही.

गती तपासायला स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांची वर्तुळं छापलेली चकती, वापरा. आपल्या विजेसाठी ३३च्या वर्तुळात १८० रेघा आणि ७८च्या वर्तुळात ७७ रेघा हव्यात. जुन्या पिवळ्या बल्बखाली रेघा स्थिर दिसल्या की गती बरोबर. बऱ्याच एलईडीखाली हे जमत नाही.

जुन्या ७८ मुळात ठरल्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसतातही. इथे हार्मोनियम कामी येते. षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी पडत असेल तर शंका घ्या. एका स्वरपट्टीचा फरक म्हणजे सुमारे सहा टक्के गती, ७८ऐवजी ७३-७४ फेरे. हा पुरावा नव्हे, निव्वळ इशारा, कारण तंबोरा पेटीच्या पट्टीतच लावला असेल असं नाही. नोंद दुसऱ्या रकान्यात.

धुणं

व्हिनाइल आणि लाख वेगळी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, आयसोप्रोपिल अल्कोहोल यांतलं काहीही लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझी एक नाट्यपदांची तबकडी मी स्वतः, दिवाळीच्या साफसफाईच्या उत्साहात, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला तेव्हा वाटलं, केवढी घाण निघतेय.

७८साठी डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, चरींच्या दिशेने. पाण्यात बुडवून ठेवू नका, लेबल कोरडं ठेवा, लगेच पुसा. तडा असलेल्या तबकडीला पाणी लावूच नका. एलपीलाही हेच चालतं, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळखळून पुसायची आणि भांड्यांच्या जाळीत उभी वाळवायची. नळाचं पाणी वाळलं की क्षार चरीत राहतात. धुतलेली तबकडी जुन्या, बुरशी आलेल्या पाकिटात परत घालू नका. जुनं पाकीट वेगळं जपा, त्यावर दुकानाचा शिक्का असतो.

पावसाळा

मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. व्हिनाइलला पाण्याचं भय नाही, भय कागदाला आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. फळी जमिनीपासून वीतभर वर. प्लास्टिकची बाहेरची पाकिटं पावसाळ्यापुरती वरून उघडी ठेवा, बंद पाकिटात दमट हवा कोंडते आणि कव्हरावर ठिपके येतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर दर पंधरवड्याला वाळवा, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास कव्हरात मुरतो आणि जात नाही. सुकं ऊन पडलं की कपाटाची दारं तासभर उघडा, पण तबकड्या उन्हात ठेवू नका.

सगळ्या तबकड्या उभ्या ठेवायच्या, तिरप्या नाहीत, एकावर एक तर नाहीतच. दर एक-दीड फुटावर आडोसा. ७८ आणि एलपी एका कप्प्यात मिसळू नका. वाळवीची शंका आली तर त्या दिवशी दुसरं काही काम काढू नका.

उतरवून ठेवणं

तबकडी वाजते तोवर तिचा आवाज उतरवून घ्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. पहिली फाइल खरखरीसकट तशीच ठेवा. खरखर काढायची ती प्रतीवर, कारण सॉफ्टवेअरला तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजारव) आणि खरखर यांतला फरक नेहमी कळत नाही. फाइलचं नाव अनुक्रमांक आणि बाजू: २१४-१, २१४-२. नावात राग लिहू नका, तो वहीत आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो आणि रचनेचा हक्क वेगळा मोजतात. इंटरनेटवर टाकण्याआधी दोन्ही बघा.

राहिलं उसनं देणं. वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखा: अनुक्रमांक, कुणाला, कधी. देताना त्याच्यासमोर लिहा आणि त्यालाच सही करायला सांगा. हसतात लोक, पण करतात. माझ्या मागच्या पानावर आज चार तबकड्या बाहेर आहेत, त्यांतल्या तीन एकाच मित्राकडे, २०१९पासून.